गौण म्हणजे कोणाचे?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव हे जंगलाला लागून असलेले लहानसे गाव. २०१२ साली वनहक्क कायद्याखाली या गावाला सुमारे १,००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या जंगलातले महत्त्वाचे उत्पन्न बांबूचे. गावाने ग्रामसभेत नियम ठरवले, तोड स्वतः केली, विक्री स्वतः केली आणि हिशेब सगळ्यांसमोर मांडला. मजुरीसाठी ज्यांना गाव सोडावे लागे, त्यांना गावातच काम मिळाले. मिलिंद बोकील यांनी 'कहाणी पाचगावची' या नावाने या गावावर पुस्तक लिहिले आहे, त्यामुळे ही हकीकत बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. मला तिच्यातल्या एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. ज्या मालावर हे गाव उभे राहिले, त्या मालाचे कायद्यातले नाव 'गौण वनोपज' असे आहे.

गौण म्हणजे दुय्यम. असले तर बरे, नसले तरी चालेल असे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत, पंचायतींकडे सोपवता येतील अशा विषयांत, सातव्या क्रमांकावर हाच शब्द आहे. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यात तो आहे, २००६ च्या वनहक्क कायद्यातही आहे. या शेवटच्या कायद्याने गौण वनोपजाची व्याख्या केली, ती अशी: बांबू, झुडपे, खुंट, वेत, टसर, कोश, मध, मेण, लाख, तेंदूपान, औषधी वनस्पती, कंदमुळे आणि अशा प्रकारचे सर्व वनस्पतिजन्य, लाकडाव्यतिरिक्तचे उत्पन्न. ही यादी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात राहणाऱ्या कोणालाही वाचून दाखवा. तो म्हणेल, हे तर आमचे वर्ष झाले. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफूल, मे महिन्यात तेंदूपान, पाऊस पडला की वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, मग कंद, मग हिवाळ्यात बांबूची तोड. घराच्या भिंतीचे ताटवे, शेताचे कुंपण, धान्याच्या कणग्या, पाखडायचे सूप, तापावरचे मूळ हे सगळे याच यादीतले. ज्यातून पोट, घर आणि औषध तिन्ही येतात, ते गौण ठरले. मग मुख्य काय? मुख्य म्हणजे इमारती लाकूड, आपल्याकडे सागवान.

हे वर्गीकरण आले कोठून, हे पाहिले म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. झाडांच्या अभ्यासातून ते आले नाही. जंगलातल्या लोकांना विचारून तर मुळीच ठरले नाही. इंग्रजी राजवटीच्या वनखात्याला रेल्वेच्या रुळांखाली घालायला, पूल आणि इमारती बांधायला लाकूड हवे होते. खात्याच्या जमाखर्चात लाकडाचा महसूल मोठा, म्हणून ते मुख्य. बाकीचे किरकोळ खात्यावर टाकले गेले, म्हणून ते गौण. म्हणजे 'गौण' हे वस्तूचे वर्णन नाही. ती सरकारी खतावणीतली नोंद आहे, आणि राज्य बदलले तरी नोंद तशीच पुढे आली. १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली. त्या घटनेच्या प्रजेने, नव्हे नागरिकांनी, ज्या मालावर जगायचे त्या मालाला तिजोरीच्या नजरेने ठेवलेले नाव मात्र आपण बदलले नाही. ४२ वर्षांनी घटनेत नवी अनुसूची घातली तेव्हा तेच नाव तिच्यात लिहिले.

यावर सुशिक्षित वाचकाचा पहिला आक्षेप मला दिसतो आहे. तो म्हणेल, ही पारिभाषिक संज्ञा आहे, तिच्यात अपमान शोधू नका. नावाने काय होते? हा आक्षेप रास्त वाटतो. नावाने काहीच होत नसते तर मीही तो मान्य केला असता. पण बांबूच्या बाबतीत काय झाले ते पाहू.

बांबू हे गवत आहे. वनस्पतिशास्त्रात याबद्दल वाद नाही. असे असता १९२७ च्या भारतीय वन कायद्याने 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला. झाड म्हटले की त्याची तोड आणि वाहतूक खात्याच्या ताब्यात. पुढे कागदाचे कारखाने आले. गोंडपिपरीच्या एका अंगाला बल्लारपूर आहे, दुसऱ्या अंगाला वैनगंगेपलीकडे आष्टी. दोन्हीकडे कागद कारखाना. सरकारी जंगलातला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी कारखान्यांकडे जात राहिला. त्याच जंगलाच्या कडेला बसून टोपल्या विणणाऱ्या बुरडाला मात्र हाच बांबू ओळखपत्रावर, मोजून, आगारातून घ्यावा लागला. आणि आगारात नसला तर हात जोडून परतावे लागले.

मग २००६ चा कायदा आला. त्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपजात घातले आणि गौण वनोपजावर वनवासी समाजाची मालकी मान्य केली. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आता गाव आपला बांबू विकू शकेल असे कोणालाही वाटेल. पण माल गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो वनखाते देईना. वन कायद्यात बांबू झाड आहे, हे कारण पुढे आले. गावाने भांडण सोडले नाही. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण आणि वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबूला गौण वनोपज माना, असे राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले. आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले, तेव्हा परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. कायदा होऊन चार वर्षांवर काळ लोटल्यावर, दोन सरकारांतली मोठी माणसे गावात आल्यावर, गावाला स्वतःच्या मालकीचे गवत गाडीत भरता आले. १९२७ ची ती व्याख्या संसदेने दुरुस्त केली २०१७ साली.

हा इतिहास नुसता दिरंगाईचा नाही. गरिबाला मालकी द्यायची वेळ आली तेव्हा कायदा म्हणाला, बांबू गौण आहे, तो देऊन टाकायला हरकत नाही. गरीब खरोखरच न्यायला आला तेव्हा खाते म्हणाले, हे तर झाड आहे, देता येणार नाही. वस्तू एक, नावे दोन, आणि दोन्ही वेळा तोटा एकाच माणसाचा. नावाने काय होते, या प्रश्नाचे उत्तर मेंढ्याच्या लोकांनी भोगून दिले आहे.

वाळूचेही असेच. खनिजांच्या १९५७ च्या कायद्यात वाळू 'गौण खनिज' आहे. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता यांच्या काठी राहणाऱ्या कोणालाही विचारा, रात्रीची कोणत्या मालाची वाहतूक अडवायला तलाठी घाबरतो. ज्याच्यासाठी सरकारी नोकरांवर हल्ले होतात, त्याला कायदा गौण म्हणतो. तेव्हा गौणपणाचा किमतीशीही संबंध नाही हे उघड आहे. मग संबंध कशाशी आहे? माझे उत्तर असे: तो माल कोणाच्या हातात आहे, याच्याशी.

येथपर्यंत सरकारला दोष देणे सोपे होते आणि वाचकही माझ्याबरोबर असेल. पण हा शब्द केवळ कायद्याच्या पुस्तकात राहत नाही. तो आपल्या घरात राहतो.

आपल्या घरातले सूप घ्या. बाळ जन्मले की सूप लागते. लग्नात सूप लागते, टोपली लागते, वाणाला लागते. विदर्भात कोणत्याही जातीचा मांडव बांबूवाचून उभा राहत नाही. माणूस गेला की तिरडीही बांबूची. जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक शुभाशुभ प्रसंगी ज्याच्या हातची वस्तू आपण पवित्र म्हणून घेतो, त्या बुरडाला आपण शतकानुशतके गावाच्या पंगतीत कोठे बसवले? सूप देवघराजवळ आणि सूप करणारा उंबऱ्याबाहेर, असा हा व्यवहार आहे. वस्तू पवित्र असेल तर ती करणारे हात अपवित्र कसे? आणि हात अपवित्र असतील तर त्यांनी विणलेले सूप देवापुढे चालते कसे? या दोन प्रश्नांपैकी एकाचे तरी उत्तर रूढीच्या कैवाऱ्यांनी द्यावे. उत्तर नाही, कारण येथे पावित्र्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न फुकटात किंवा पसाभर धान्यात काम करून घेण्याचा होता, आणि ज्याला हलका ठरवला त्याला मोबदलाही हलका देता येतो.

बांबू जाळू नये, वंश बुडतो, असे आपल्याकडे सांगतात आणि पाळतातही. हा नियम चुलीपुरता. त्याच बांबूचा लगदा होऊन कागद होतो, त्या कागदावर कोणी विटाळ मानत नाही. बांबूला फुलोरा आला की अरिष्ट येते, अशीही समजूत आहे. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे: मानवेलासारखी जात अनेक दशकांनी एकदा फुलते, मोठ्या टापूत एकाच वेळी फुलते आणि बी धरून रांजीच्या रांजी वाळून जातात. पडलेल्या बियांवर उंदीर माजतात आणि मग ते शेतातल्या धान्याकडे वळतात. मिझोराममध्ये १९५९ च्या फुलोऱ्यानंतर दुष्काळ पडला तो असा. तेथे आधीपासून धान्य साठवले असते, उंदरांचा बंदोबस्त केला असता, तर अरिष्ट टळले असते. समजुतीत निरीक्षण होते, पण विचार नव्हता. बुरडाच्या बाबतीत तर निरीक्षणही नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते की जातिव्यवस्था ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांची, आणि तीही उतरंडीने केलेली, वाटणी आहे. त्याच बाबासाहेबांनी नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, चंद्रपूरला धम्मदीक्षेचा सोहळा केला. या जिल्ह्याला हा विचार परका नाही. दरवर्षी दीक्षाभूमीवर गर्दी होते. तरीही आठवडी बाजारात टोपलीचा भाव करताना आपण ज्या आवाजात बोलतो, तो आवाज मॉलमधल्या प्लास्टिकच्या टोपलीपुढे आपल्याला फुटत नाही. प्लास्टिकच्या टोपलीवर किंमत छापलेली असते म्हणून ती मान्य. बुरडाच्या टोपलीवर त्याचा दिवस गेलेला असतो, तो मात्र घासाघिशीला मोकळा. हे वागणे कोणत्याही कायद्याने आपल्यावर लादलेले नाही.

माल आणि माणूस यांची गल्लत कोठवर जाते, याचे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले दलित शेतकरी होते. जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ साली 'पटेल-३' या धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वर्षानुवर्षे निवडून वाढवल्या, आणि त्यातून बारीक दाण्याचा, चांगला उतारा देणारा वाण तयार झाला. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला 'एचएमटी' नाव पडले. आज अनेक राज्यांत हा तांदूळ खाल्ला जातो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि पुढे 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने वाण प्रसारित केला. श्रेय मिळाले नाही, ही दादाजींची तक्रार राहिली. विद्यापीठाची बाजू अशी की मूळ बियाणे अशुद्ध होते, ते आम्ही शुद्ध केले.

या वादातला तांत्रिक भाग मी बाजूला ठेवतो. बियाण्याचे शुद्धीकरण ही खरी आणि गरजेची प्रक्रिया आहे. पण शुद्ध करायला आधी काहीतरी असावे लागते, आणि ते ज्याने शोधले तो शोधक असतो. हेच बियाणे एखाद्या नामांकित प्रयोगशाळेतून आले असते तर त्याला अशुद्ध म्हटले गेले असते की 'प्राथमिक' म्हटले गेले असते? पुढे दादाजींना राज्याचा पुरस्कार आणि सुवर्णपदक मिळाले. आजारपणाच्या आणि कर्जाच्या दिवसांत ते पदक मोडायची वेळ आली, तेव्हा त्यातले सोने अस्सल नसल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. जून २०१८ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात त्यांचे निधन झाले. ज्याने देशाला उत्तम प्रतीचा तांदूळ दिला, त्याच्या हातात हिणकस पदक पडले. मला या एका घटनेत आपल्या समाजाची सगळी प्रतवारी दिसते.

आता दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. कोणी विचारील, मग काय कोणत्याच मालाला हलका म्हणायचे नाही? बोगस बियाणे, भेसळीचे खत, किडका तांदूळ यांनाही मान द्यायचा? मुळीच नाही. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. आपण माणसांची प्रतवारी करण्यात इतके गुंतलो आहोत की मालाची प्रतवारी नीट करायची राहून गेली.

गोंडपिपरीचा शेतकरी 'हलके धान' म्हणतो तेव्हा तो कोणाचा अपमान करत नाही. हलके म्हणजे लवकर निघणारे, भारी म्हणजे उशिरा निघणारे. पाणी लवकर ओसरते त्या उंच बांधीत तो हलके धान लावतो, पाणी धरणाऱ्या खोलगट बांधीत भारी. येथे शब्दाला माप आहे, मापाला कारण आहे, आणि दोन्ही जातींना आपापली जागा आहे. सरकारी खरेदी केंद्रावर धानातला ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त नको, हेही माप आहे. ते सर्वांना सारखे लागू असेल, मोजणारे यंत्र शेतकऱ्यासमोर चालत असेल, तर त्याबद्दल कोणाचीच तक्रार असू नये. अशी प्रतवारी न्यायाची असते. तिच्यात वस्तू तपासली जाते, आणणारा तपासला जात नाही.

अर्थशास्त्रातही 'निकृष्ट वस्तू' अशी संज्ञा आहे. बारावीच्या विद्यार्थ्यालाही ती ठाऊक असते: उत्पन्न वाढले की ज्या वस्तूची मागणी घटते ती निकृष्ट. या व्याख्येत वस्तू वाईट असल्याचे कोठेही म्हटलेले नाही. माणसाच्या हातात पैसा आला की तो कोदो-कुटकी सोडून पॉलिश केलेल्या तांदळाकडे वळतो, एवढीच नोंद तिच्यात आहे. कोदो-कुटकीत तंतू अधिक, पाणी कमी लागते, हलक्या जमिनीतही येते. तरी ते गरिबाचे खाणे म्हणून सोयरिकीच्या ताटातून गेले. २०१८ साली केंद्र सरकारने या धान्यांना 'पोषक धान्य' म्हणून अधिसूचित केले, २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यांना 'श्रीअन्न' नाव मिळाले. दाणा तोच राहिला. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितले, शहरातल्या दुकानात ते पुडीत आले, आणि हलके धान्य भारी झाले. धान्याची बढती झाली हे चांगलेच आहे. पण ज्या घरांनी ते टिकवले, त्यांची बढती कोणत्या राजपत्रात निघाली?

खरा निकृष्ट माल कोणाच्या वाट्याला जातो ते पाहिले म्हणजे दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर पुरे होते. विदर्भाला लागून असलेला बालाघाट आणि त्याच्या पलीकडचा मंडला या मध्य प्रदेशातल्या जिल्ह्यांत २०२० साली, टाळेबंदीच्या काळात, केंद्राच्या पथकाने गोदामांतल्या आणि रेशन दुकानातल्या तांदळाचे नमुने तपासले. तो तांदूळ माणसांनी खाण्याजोगा नव्हता, जनावरांना आणि कोंबड्यांना घालायच्या प्रतीचा होता, असा अहवाल आला. हा तांदूळ गरिबांना वाटला जात होता. तपासणीचे शास्त्र होते, मापे होती, अधिकारी होते. तरी तो तांदूळ रेशन दुकानापर्यंत पोहोचला, कारण वाटेवरच्या प्रत्येकाने मनात म्हटले असणार की रेशनवाल्यांना काय, चालते. 'चालते' हा एक शब्द म्हणजे आपल्या देशातली सर्वांत जुनी प्रतवारी आहे. आश्रमशाळेच्या मुलांना पातळ वरण चालते. मजुरांना ट्रकच्या मागच्या भागात उभे राहून जायला चालते. सरकारी दवाखान्यात बाकावर बाळंतीण चालते. आधी माणूस हलका ठरतो, मग त्याच्या वाट्याचा माल आपोआप हलका होतो. आणि त्याच्या हातचा माल उत्तम असला तरी त्याला गौण हे नाव पडते.

तिसरा आक्षेप वनप्रेमी मित्रांचा आहे, आणि त्यांचा हेतू मी प्रामाणिक मानतो. ते म्हणतात, बांबू आणि तेंदू गावांच्या हातात दिले तर पैशापायी जंगल संपेल. या भीतीला उत्तर म्हणून मी पुन्हा पाचगावकडे जातो. तेंदूपान हा या भागातला रोख पैशाचा हमखास धंदा. मे महिन्यातल्या पंधरा-वीस दिवसांत फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, पुडकी मोजून दिली की घरात पैसा येतो. पावसाळ्याच्या बी-खताची सोय होते. पण चांगली पाने यावीत म्हणून तेंदूची छाटणी होते, जंगलात आगी लावल्या जातात, आणि झाडांना फळ धरत नाही. पाचगावच्या ग्रामसभेने हा सगळा हिशेब मांडला आणि तेंदूपान तोडायचे नाही असे ठरवले. टेंभरे म्हणजे तेंदूची फळे पाखरांना आणि जनावरांना लागतात, आग सगळ्या जंगलाला लागते, हा विचार त्यांनी पैशाच्या वर ठेवला. जंगलाचा एक तुकडा त्यांनी अजिबात हात न लावता राखलाही आहे. हा निर्णय कोणा साहेबाने लादलेला नाही. ज्यांना कायद्याने गौण मालाचे मालक केले, त्यांनी मुख्य काय आणि गौण काय हे स्वतः ठरवले, आणि त्यांच्या यादीत जंगल मुख्य ठरले, त्या हंगामाचा पैसा गौण.

प्रत्येक गाव असेच वागेल असा दावा मी करत नाही. मालकी मिळालेली सगळी माणसे शहाणी होतात असे जगात कोठेच घडलेले नाही, शहरातही नाही. कित्येक ठिकाणी ग्रामसभा ठेकेदाराच्या खिशात जाईल, हिशेब लपवले जातील. त्यावर उपाय उघडा हिशेब आणि नियमित सभा हाच आहे. चूक करण्याची शक्यता आहे म्हणून हक्कच नको, हा युक्तिवाद एकेकाळी आपल्या सगळ्यांच्या स्वराज्याविरुद्ध केला गेला होता.

मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरच्या आगारातून सागवान पाठवले गेले, तेव्हा त्या लाकडाची मिरवणूक निघाली, पूजा झाली. लाकडाचा गौरव झाला याबद्दल माझी तक्रार नाही. चंद्रपूरचे सागवान त्या योग्यतेचे आहेच. पण त्याच जिल्ह्यात, त्याच महिन्यात, भल्या पहाटे मोहाच्या झाडाखाली वाकून एकेक फूल वेचणाऱ्या बाईच्या टोपलीतल्या मालाला आपण काय म्हणतो? मोह म्हटला की आपल्याला दारू आठवते. तिच्या घरी तो वाळवून ठेवलेले अन्न असतो, बैलाचे खाद्य असतो, अडीनडीला दुकानात देऊन मीठ-तेल आणण्याचे चलन असतो. ही फुले गोळा करण्यावर, साठवण्यावर आणि नेण्यावर राज्यात दारूबंदी कायद्याचे निर्बंध होते. ते उठवण्याचा निर्णय २०२१ साली झाला. तोवर तिच्या टोपलीतले फूल गौण तर होतेच, वर संशयितही होते.

म्हणून माझे मागणे काही फार मोठे नाही, पण नेमके आहे. महाराष्ट्र शासनाने आपल्या नियमांतून, निर्णयांतून आणि फलकांवरून 'गौण वनोपज' हा शब्द काढून 'अकाष्ठ वनोपज' लिहावे. लाकडाव्यतिरिक्तचे उत्पन्न, एवढाच अर्थ. त्यात कोणाची पायरी ठरत नाही, आणि वनहक्क कायद्याच्या व्याख्येलाही हाच अर्थ अभिप्रेत आहे. गोंडपिपरी, पोंभुर्णा, चामोर्शी, धानोरा येथल्या ज्या ग्रामसभांकडे सामूहिक हक्क आहेत, त्यांनी सरकारची वाट न पाहता आपल्या पावतीपुस्तकावर, वाहतूक परवान्यावर आणि विक्रीच्या जाहिरातीत हे नाव आजपासून छापावे. शब्द बदलून भाव वाढणार नाही, हे मला कळते. भावासाठी परवाने वेळेवर लागतील, साठवणुकीला गोदाम लागेल, हिशेब लिहिणारी मुले-मुली लागतील. तीही कामे करायचीच आहेत. पण ज्या कागदावर आपण सही करतो त्याच कागदावर आपला माल कमी प्रतीचा असल्याचे कबूल करून आपण सौद्याला बसू नये.

आणि चंद्रपूर-नागपूरच्या, पुण्या-मुंबईच्या वाचकाला एवढेच सांगणे आहे: रेशनचा तांदूळ हातात घेऊन पाहा, तो तुमच्या ताटात चालेल का ते ठरवा, आणि चालणार नसेल तर ज्याच्या ताटात तो जातो आहे त्याच्यासाठी तहसीलदाराकडे लेखी तक्रार करा. टोपली घ्याल तेव्हा विणणाऱ्याला भाव विचारा, आणि तो सांगेल तेवढे पैसे द्या.